‘डावा ६/२४’ असं लिहिलेली चिठ्ठी

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, मिस्टर अंबडला कंपनीत आहेत. मागच्या महिन्यात शाळेत आरोग्य तपासणी झाली आणि घरी चिठ्ठी आली : ‘उजवा ६/६, डावा ६/२४. नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.’ गेल्या वर्षीच्या कार्डावर मात्र ‘दृष्टी सामान्य’ असं लिहिलेलं आहे. मुलीने आजवर एकदाही डोळ्यांची तक्रार केलेली नाही, वर्गात पहिल्या पाचात असते, सायकल चालवते. मिस्टर म्हणतात, या तपासण्या कागदोपत्री असतात, एका दिवसात शंभर मुलं उरकतात, मनावर घेऊ नको. सासूबाई म्हणतात, एवढ्यात चष्मा लावला की नंबर वाढतच जातो, आणि मुलीची जात आहे. (त्यांचं स्वतःचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तेव्हा त्यांच्या शब्दाला घरात वजन आहे.) शेजारच्या वहिनींनी गाजराचा रस आणि डोळ्यांचे व्यायाम सांगितलेत. चौकातला चष्मेवाला म्हणतो, कॉम्प्युटरवर दहा मिनिटांत फुकट नंबर काढून देतो. मला तर वाटतं, मीच स्वयंपाक होईपर्यंत हातात मोबाइल दिला, त्याचं हे फळ. चिठ्ठी फ्रिजवरच्या टोपलीत ठेवलीय. काय करू? धाकटा पाच वर्षांचा आहे, खासगी नर्सरीत जातो. त्याचंही बघावं का?
— एक आई, सिडको

(खाली पेन्सिलीने, वेगळ्या अक्षरात : काका, चष्मा किती वर्षं घालावा लागतो?)

ताई,

आधी काम सांगतो, मग बोलू. चिठ्ठी टोपलीतून काढा आणि याच आठवड्यात मुलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. सहामाही झाली की बघू, दिवाळीच्या सुट्टीत बघू, असं करू नका. हातपाय गाळण्यासारखं यात काही नाही, पण रेंगाळण्यासारखंही नाही. एक महिना तसाही गेलाच आहे.

आता त्या आकड्यांचा अर्थ. वरचा ६ म्हणजे मुलगी तक्त्यापासून ६ मीटरवर, साधारण २० फुटांवर उभी होती. खालचा २४ म्हणजे चांगल्या डोळ्याला जी ओळ २४ मीटरवरून वाचता येते, ती तिच्या डाव्या डोळ्याला ६ मीटरवर आल्यावर वाचता आली. त्याखालच्या बारीक ओळी त्या डोळ्याला लागल्या नाहीत. शाळेत साधारण ६/९ ची ओळ ही हद्द धरतात. तिथवर न पोचणाऱ्या मुलाला पुढे पाठवायचं. तुमची मुलगी डाव्या डोळ्याने त्या हद्दीच्या बरीच अलीकडे थांबली आहे.

पण मला त्या २४ पेक्षा शेजारचा ६/६ जास्त खटकला. दोन्ही डोळे ६/२४ असते तर फळ्यावरचं दिसलं नसतं, बाईंनी तुम्हाला कधीच बोलावून घेतलं असतं, टीव्हीसमोर तिने नाक टेकवलं असतं. इथे उजवा डोळा ठणठणीत आहे आणि तो एकटाच दोघांची हजेरी लावतोय. म्हणून पहिल्या पाचात नंबर, म्हणून सायकल, म्हणून तक्रार नाही. शिवाय मुलाला तक्रार करायला सुचणार कशी? डाव्या डोळ्यातून जग असंच दिसतं, सगळ्यांनाच असं दिसत असेल, एवढंच त्याला ठाऊक असतं. मी ग्रामीण रुग्णालयांत नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून नोकरी केली. हे पद डॉक्टरचं नव्हे. नंबर काढायचे, शाळा आणि शिबिरं करायची, आणि ज्याला गरज आहे त्याला डॉक्टरांपुढे नेऊन बसवायचं, हे आमचं काम. एवढ्या वर्षांत ‘मला एका डोळ्याने कमी दिसतं’ असं आपणहून सांगणारं दहा वर्षांखालचं पोर मला क्वचितच भेटलं.

दोन डोळ्यांत एवढा फरक दिसला की आम्हाला पहिली शंका येते ती आळशी डोळ्याची. नाव विचित्र आहे, कारण डोळा आळशी नसतोच. एका डोळ्याला मोठा नंबर असतो आणि तो लहानपणी कुणाच्या लक्षात येत नाही. त्या डोळ्याकडून मेंदूला धूसर चित्र जातं, दुसऱ्याकडून स्वच्छ. मेंदू स्वच्छ घेतो आणि धूसर बाजूला सारतो. वर्षानुवर्षं हेच चाललं की त्या डोळ्याने बारीक बघायचं मेंदू शिकतच नाही. बैलजोडीतल्या एका बैलाने अंग काढून घ्यावं तसं : जू खांद्यावर आहे, पावलंही पडतायत, पण ओढतोय दुसरा. मग पुढे बरोबर नंबरचा चष्मा लावला तरी त्या डोळ्याला लगेच स्पष्ट दिसत नाही, कारण काचेने फक्त चित्र स्वच्छ केलं, बघायला शिकवलं नाही.

हे शिकवणं लहान वयात जमतं. सातव्या वर्षाच्या आत सगळ्यात छान. तुमची मुलगी नऊची आहे, म्हणजे थोडा उशीर झालाय, पण सात ते बाराच्या मुलांतही उपचाराने डोळा सुधारतो, हे आता नीट तपासून पाहिलेलं आहे. नंतर नंतर हाती कमी लागतं. मी ‘याच आठवड्यात’ म्हणालो ते यासाठी.

अर्थात ही शंका आहे. नजर कमी असण्याची कारणं आणखीही असतात. बारीकसा तिरळेपणा, भिंगात पांढुरकेपणा, आतल्या पडद्याचा काही दोष. कोणतं कारण आहे ते डोळा आतून बघणाराच सांगू शकतो. मी पत्रावरून सांगू शकत नाही आणि शाळेची चिठ्ठीही सांगत नाही.

आता मिस्टरांचा मुद्दा. त्यांचं निम्मं म्हणणं मी काही न बोलता मान्य करतो, कारण त्या निम्म्यात मीही आहे.

जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एका शाळेत एकदा ऐन पावसाळ्यात गेलो होतो. वर्गात ६ मीटर मिळेनात म्हणून तक्ता व्हरांड्याच्या टोकाला खिळ्याला लावला. उजेड यथातथाच. पत्र्यावर पाऊस असा की मूल काय म्हणतंय ते ऐकायला कान पुढे करावा लागे. एक मुलगा आला. उजवा डोळा झाकून खालपर्यंत फडाफडा वाचलं, डावा झाकून तितकंच फडाफडा. मी ६/६, ६/६ लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं. वर्षाने त्याच शाळेत गेलो तेव्हा वेगळ्या अक्षरांचा तक्ता नेला होता. तोच मुलगा एका डोळ्याने सगळ्यात वरच्या मोठ्या अक्षरापाशी अडकला. ६/६०. मग गेल्या वर्षी कसं वाचलंस रे? म्हणाला, ‘सर, सगळे तेच म्हणत होते.’ रांगेत उभ्या उभ्या त्याने पुढच्या मुलांची अक्षरं पाठ केली होती. त्याला फसवायचं नव्हतं. त्याला वाटलं, ही पाठांतराची परीक्षा आहे. एक पूर्ण वर्ष त्या डोळ्याचं माझ्या हातून गेलं. तेव्हापासून मी रांग तक्त्याकडे पाठ करून उभी करायला लागलो आणि मधूनच उलटीकडून वाचायला सांगायला लागलो.

दुसरी पळवाट बोटांची. मुलाला ‘डोळा झाक’ म्हटलं की ते पंजाने झाकतं आणि बोटांच्या फटीतून खुशाल बघतं. किंवा डोळा इतका दाबून धरतं की मग तो उघडल्यावर मिनिटभर त्यालाच धड दिसत नाही. तुमच्या मुलीचं गेल्या वर्षीचं ‘सामान्य’ असंच कशातून तरी आलं असणार. नऊ वर्षांच्या मुलीच्या एका डोळ्यात एवढा फरक एका वर्षात सहसा पडत नाही.

म्हणजे बघा, शाळेतली तपासणी चुकते, हे खरं. पण ती बहुतेकदा कोणत्या बाजूला चुकते? दोष असून ‘नॉर्मल’ लिहिण्याच्या बाजूला. घाईगर्दीत मूल निसटून जातं. एवढ्या गर्दीतही ज्या मुलाचा एकच डोळा चार ओळी मागे पडलेला दिसला, तिथे काहीतरी असण्याचीच शक्यता जास्त. समजा काही नसलं, तर तुमची एक सकाळ गेली.

त्यांना हेही सांगा, की शाळेत जे पथक येतं त्यात डोळ्यांचा डॉक्टर नसतो. हे पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. तो फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरमधून सुरू झाला (तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं). पथकात दोन डॉक्टर, एक पुरुष आणि एक महिला, बहुतेक आयुषचे, म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथी अशा पद्धतींचे. सोबत नर्स आणि औषधनिर्माता. ही चार माणसं मुलाचं हृदय, दात, कान, त्वचा, रक्त कमी आहे का, बोलणं-चालणं वयाप्रमाणे आहे का, हे सगळं बघतात. त्यात डोळ्यांच्या वाट्याला काही मिनिटं येतात. बाजरी चाळताना आपण खडा हाताला लागला की बाजूला काढतो, तो कसला दगड आहे हे चाळणीला विचारत नाही. शाळेतली तपासणी तेवढंच करते.

तरीही मिस्टरांना पटत नसेल तर वाद घालू नका, त्यांनाच परीक्षा घेऊ द्या. रविवारी दिवसाउजेडी भिंतीवर कॅलेंडर लावा. मुलीला खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला उभं करा. एका डोळ्यावर आमटीची वाटी धरायला सांगा, हात नको. वाटीतून फट राहत नाही आणि डोळाही दाबला जात नाही. उजव्याने तारखा वाचू दे. मग महिन्याचं पान बदला, वाटी उजव्या डोळ्यावर, आणि डाव्याने वाचू दे. पान बदलायला विसरू नका, मी वर सांगितलंच आहे का ते. चष्मा असलेल्या मोठ्यांनीही ही गंमत करून बघावी. स्वतःच्या एका डोळ्याची खबर पन्नाशीत लागलेली माणसं मी पाहिली आहेत.

ही परीक्षा फक्त मिस्टरांना उठवण्यासाठी. त्यात ती पास झाली तरी डॉक्टरकडे जायचंच.

चौकातल्या चष्मेवाल्याकडे आत्ता जाऊ नका. त्याच्या यंत्रात खोट नाही, पण मुलांच्या डोळ्यात फार जोर असतो. जवळचं बघायला डोळ्याच्या आतला जो स्नायू भिंग फुगवतो, तो लहान मुलांत इतका ताकदीचा असतो की यंत्रात बघतानाही तो काम करत राहतो आणि आकडा भलताच येतो. प्लस नंबर लपतो, मायनस उगाच जास्त दिसतो. तुमच्या मुलीसारख्या एका डोळ्याच्या प्रकरणात पुष्कळदा लपलेला प्लस नंबरच असतो, म्हणजे यंत्र चुकायचं तिथेच चुकणार. म्हणून मुलांचा नंबर डोळ्यांत थेंब टाकून, तो स्नायू सैल करून काढतात. शिवाय दुकानात डोळ्याचा पडदा कुणी बघत नाही. नंबर हातात पडला की आपलं समाधान होतं आणि पुढचं राहून जातं, ही खरी भीती.

थेंबांचं आधी माहीत असलेलं बरं, म्हणजे घरी गोंधळ होत नाही. थोडी चुरचुर होते. बाहुली मोठी होते, उन्हात डोळे दिपतात, जवळचं पुसट दिसतं. कोणते थेंब टाकले त्यावर हे एक दिवस टिकतं किंवा काही दिवस. तेव्हा दुसऱ्या दिवशी चाचणी परीक्षा असेल असा दिवस निवडू नका, टोपी बरोबर न्या, आणि त्या संध्याकाळी गृहपाठाची सुट्टी द्या. काही डॉक्टर अंतिम नंबरासाठी थोड्या दिवसांनी पुन्हा बोलावतात. ‘एका खेपेत काम करत नाहीत’ म्हणून चिडू नका, तीच नीट पद्धत आहे.

कुठे जायचं? त्र्यंबक रोडवरचं आपलं सिव्हिल, म्हणजे जिल्हा रुग्णालय, तुम्हाला सिडकोतून लांब नाही. सकाळी लवकर जा, केसपेपर काढा, नेत्र विभागात शाळेची चिठ्ठी दाखवा. ती चिठ्ठी म्हणजे तुमचं संदर्भपत्र आहे. गेल्या वर्षीचं कार्ड आणि आधारची झेरॉक्सही जवळ असू द्या. शाळकरी मुलांना नंबर निघाला तर मोफत चष्मा देण्याची सोय सरकारच्या अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात आहे. हा कार्यक्रम १९७६ पासूनचा, २०१७ पासून त्याच्या नावात दृष्टिक्षीणताही आली. आपल्याला चष्मा मिळेल का, हे तिथेच विचारा, लाजू नका. मिळायला वेळ लागणार असेल आणि खिशाला झेपत असेल तर वाट बघू नका, बाहेरून करून घ्या. खासगीत जायचं असेल तर फोनवरच विचारा : ‘लहान मुलांचा नंबर थेंब टाकून काढता का? तिरळेपणा आणि आळशी डोळ्याचं काम करता का?’ उत्तर आढेवेढे घेत आलं तर दुसरीकडे फोन लावा. मोतीबिंदूत हात बसलेले सगळेच डॉक्टर मुलांत रमतात असं नाही.

चष्मा निघाला, तर मग सासूबाई. ताई, त्यांच्याशी शब्दाने शब्द वाढवू नका. त्यांना बरोबर घेऊन जा. खरंच. घरात ज्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांनी डॉक्टरांना आपल्या तोंडाने प्रश्न विचारलेला बरा. त्यांच्या पिढीला ‘मोतीबिंदू पिकू दे, मग बघू’ हे ऐकायची सवय आहे. मोतीबिंदू मोठ्या माणसाचा होता, तो थांबू शकला. नातीच्या बाबतीत थांबण्यात फक्त नुकसान आहे, हे एवढं एकच वाक्य डॉक्टरांकडून त्यांच्या कानावर पडलं तरी पुरे.

आणि चष्म्याने नंबर वाढतो का? दर जूनमध्ये मुलांच्या चपलेचा नंबर वाढतो, म्हणून चपलेने पाय वाढवला असं आपण म्हणत नाही. मूल वाढतं तसा डोळ्याचा गोळाही वाढतो आणि मायनस नंबर असेल तर तो त्या वाढीने वाढतो. चीनमध्ये गान्सू आणि शान्शी प्रांतांतल्या शाळांमध्ये एक मोठा प्रयोग झाला, २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. काही शाळांतल्या मुलांना मोफत चष्मे दिले, काही शाळांत दिले नाहीत. चष्मे मिळालेली मुलं गणितात पुढे गेली, आणि चष्म्यामुळे त्यांची बिनचष्म्याची नजर बिघडली असंही आढळलं नाही. सासूबाईंना चीनचं सांगू नका. चपलेचं सांगा.

‘मुलीची जात आहे’ यावर मला राग येतो, तो मी गिळतो, कारण त्यामागे काळजीच असते. पण हिशेब तरी सरळ करू. लग्नाला अजून निदान नऊ वर्षं आहेत. डोळ्याला तेवढी नाहीत. आणि उद्या उजव्या डोळ्याला क्रिकेटचा चेंडू लागला तर ती कशाने बघणार? हा प्रश्न मिस्टरांनाही विचारा. कंपनीत मशीनपाशी सेफ्टी गॉगल लावणाऱ्या माणसाला तो लगेच कळेल.

चष्मा घेताना दोन गोष्टी बघा. काच नको, प्लास्टिकची किंवा पॉलिकार्बोनेटची भिंगं घ्या. ती काचेसारखी सहज फुटत नाहीत. आणि फ्रेम नाकावर बसली पाहिजे. मुलांचं नाक चपटं असतं, मोठी फ्रेम घसरते, मूल भिंगाच्या वरून बघतं आणि सगळा खर्च वाया. ‘पुढच्या वर्षीही येईल’ म्हणून सैल फ्रेम घेणं हा आपला गणवेशाचा नियम आहे, तो इथे लावू नका. रंग मुलीला निवडू द्या. अगदी भडक जांभळा निवडला तरी. मागून अडकवायची दोरी लावलीत तर खेळतानाही राहील. दोन भिंगांच्या नंबरात फरक असला की पहिले काही दिवस जमीन तिरकी वाटते, जिना उतरताना पाय चाचरतो. होतं तसं, बसतं. आठ-दहा दिवसांतही डोकं दुखत असेल तर परत दाखवा. फरक फारच मोठा असला तर डॉक्टर कॉन्टॅक्ट लेन्सचंही बोलू शकतात.

नुसत्या चष्म्यानेच आळशी डोळा काही आठवड्यांत बराच वर येतो, कधी कधी पुरता. नाही आला तर चांगल्या डोळ्यावर पट्टी. चांगल्या डोळ्यावर, हे घरात सगळ्यांना नीट सांगा. एका आजीने मायेपोटी ‘दुखऱ्या’ डोळ्यावर पट्टी बांधलेली मी पाहिली आहे. मध्यम कमजोरी असली तर रोज २ तासांपासून सुरुवात करतात, जास्त असली तर जास्त वेळ. किती ते डॉक्टर ठरवतील. पट्टी चष्म्याच्या काचेवर चिकटवली तर मुलं बाजूने बघतात. ती कातडीवर चिकटणारी हवी, वर चष्मा. शाळेत घालायला ती तयार नसेल तर घरी संध्याकाळी चालेल का, हे विचारून घ्या. आणि ठरलेल्या तारखेला दाखवायला न्याच. पट्टी मनाने वाढवायची नाही, मनाने बंदही करायची नाही.

मोबाइलचं पाप तुम्ही डोक्यावर घेऊ नका, या बाबतीत तरी नाही. मोबाइल दोन्ही डोळ्यांनी बघतात. एका डोळ्याचा असा फरक स्वयंपाकाच्या अर्ध्या तासाने पडत नाही. मायनस नंबराचं थोडं निराळं आहे. तिथे घरात बसून जवळचं बघत राहणं आणि उजेडात न खेळणं नडतं. चीनमधल्याच ग्वांगझूमध्ये पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्त मैदानावर काढलं. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता, नेहमीच्या शाळांतल्या ३९.५ टक्के मुलांना. तेव्हा दोन्ही मुलांना संध्याकाळी उजेड असेतो खाली पाठवा, दिवसाचे दोन तास बाहेर झाले तर उत्तमच. क्लासवाल्यांना हे आवडणार नाही, मला ठाऊक आहे.

गाजराचा रस द्या, चांगला आहे. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, त्यावर गाजर, पपई, शेवग्याचा पाला हे खरंच कामाचं. पण डोळ्याच्या गोळ्याची लांबी गाजराने बदलत नाही. व्यायामांचंही तेच, नंबर जाण्यासाठी त्यांचा उपयोग नाही. डोळ्यात मध किंवा गुलाबपाणी मात्र कुणी सांगितलं तरी घालू नका.

धाकट्याचं विचारलंत ते फार बरं केलंत. तो खासगी नर्सरीत आहे, म्हणजे त्याच्याकडे हे पथक येणारच नाही. ते अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातं आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा. बहिणीला एका डोळ्याचा दोष निघाला की भावाची तपासणी करायचीच, तो नीट दिसत असला तरी. त्याला अक्षरं येत नाहीत याची काळजी नको. इंग्रजी ई चं तोंड वर, खाली, डावीकडे, उजवीकडे केलेला तक्ता असतो. मूल तीन बोटं तशी फिरवून दाखवतं. घरी आदल्या दिवशी पुठ्ठ्याचा एक ई कापून खेळ म्हणून शिकवून ठेवा, दवाखान्यात निम्मा वेळ वाचेल. पाचव्या वर्षी सापडलं तर नवव्या वर्षापेक्षा किती सोपं, ते वर लिहिलंच आहे. आणि फ्लॅशने काढलेल्या फोटोत कुठल्याही लहान मुलाची एकच बाहुली पांढरी चमकताना दिसली, तर आठवडाही थांबायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर. तुमच्या घरात तसं काही असेल म्हणून नव्हे, हा मजकूर वाचणाऱ्या कुणाच्या तरी फोनमध्ये असेल म्हणून.

आता पेन्सिलवाल्या मुलीला.

बाळा, खरं सांगतो. चष्मा लागला तर तो बहुतेक बरीच वर्षं राहील. तो काही शिक्षा नाही, आणि डोळे उघडल्यापासून झोपेपर्यंत घालायचा. पट्टी लागली तर ती मात्र काही महिन्यांचीच. तिचे पहिले चार दिवस कंटाळवाणे जातात, कारण सवयीचा डोळा झाकला की दुसऱ्याला बारीक दिसत नाही आणि आपण चिडतो. त्या दोन तासांत गणितंच सोडवायची असं काही नाही. मणी ओवायचे, चित्रात रंग भरायचे, तांदूळ निवडायचे. माझ्याकडे तुझ्याएवढी एक मुलगी यायची. तिच्या घरी द्राक्षबाग होती. ती पट्टी लावून मांडवाखाली बसायची आणि एका घडात किती मणी आहेत ते हात न लावता मोजायची. रोज आकडा वहीत लिहायची आणि माझ्याकडे आली की वही दाखवायची. पहिल्या पानावरचा आकडा आणि शेवटच्या पानावरचा आकडा यांत पुष्कळ फरक होता. द्राक्षं तेवढीच होती.

तुमच्या घरी मांडव नसेल. डाळिंब चालेल. आईला म्हण, एक फोडून दे.